सांगलीतल्या एका घरचे 38 हजार फोटो: तारीख, नाव आणि आजीचं इरकल

मामी फोनवर म्हणाली होती, "अगं, फोटो सगळे कंप्युटरवर आहेतच. तू फक्त चांगले साठ निवडून दे." आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा म्हणजे 80 वर्षं आणि वर साधारण 10 महिने, त्यामुळे दिवस बराच आधी ठरला होता आणि साठ फोटोंचा अल्बम करायला चार महिने हाताशी होते. एका रविवारात होईल असं मला वाटलं. साडेतीन महिने लागले. हे काम कसं झालं, कुठे अडलं आणि कुठे माझं चुकलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशीच अवस्था मी आणखी चार-पाच घरांत पाहिली आहे.

सांगलीच्या घरी होतं ते असं: 500 जीबीची डिस्क असलेला जुना डेस्कटॉप, चपलांच्या खोक्यात 31 सीडी-डीव्हीडी, दोन पेनड्राइव्ह, मामांच्या आधीच्या फोनची मेमरी कार्डं, आणि पुण्याच्या मामेभावाने आयफोनमधून काढून दिलेलं एक भलंमोठं फोल्डर. डेस्कटॉपवरच्या फोल्डरांची नावं ‘फोटो’, ‘फोटो नवीन’, ‘न्यू फोल्डर 3’, ‘लग्न’, ‘लग्न 2’, ‘इतर’, ‘मोबाइलमधले सगळे’. शेवटच्याच्या आत पुन्हा ‘फोटो’. सगळं एकत्र मोजलं तर 38 हजारांच्या वर फाइली.

कागदावरचे फोटो मात्र फारसे उरले नव्हते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं तेव्हा मामांच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. सीपीयू आणि सीडीचं खोकं वेळेवर माळ्यावर गेलं, खालच्या कपाटातले अल्बम राहून गेले. चिकट पानांचे अल्बम भिजले की फोटो पानालाच धरून बसतात आणि ओढले की रंगाचा थर निघून येतो. जे वाचले ते पाऊणशेच्या आसपास. म्हणजे पूर्वी कोणी हौसेने स्कॅन करून किंवा अल्बमच्या पानाचाच फोटो काढून ठेवलेली प्रत कुठल्या तरी सीडीवर असेल, तर आता तीच मूळ प्रत होती. हे लक्षात आलं आणि मी पुसण्याचं बटण बाजूला ठेवलं.

मामांचा आग्रह उलटा होता. "आधी हलके करू. धूसर, डबल, सगळे उडवून टाक, मग लावायला सोपं." पटण्यासारखंच वाटतं, पण मी ऐकलं नाही. 2 टीबीची नवी डिस्क आणली, तिच्यावर ‘मूळ’ नावाचं फोल्डर केलं आणि प्रत्येक सीडी, कार्ड, पेनड्राइव्ह त्यात जसंच्या तसं ओतलं. फोल्डरांची नावंही बदलली नाहीत, कारण ‘लग्न 2’ हेसुद्धा पुढे पुरावा म्हणून कामाला येतं. मग ती डिस्क काढून कपाटात ठेवली आणि काम दुसऱ्या प्रतीवर सुरू केलं. चार सीडी मामांच्या ड्राइव्हवर वाचल्याच जाईनात. त्यांतल्या तीन शेजारच्या जुन्या लॅपटॉपवर मुकाट उघडल्या. एक ड्राइव्ह नाही म्हणतो म्हणून सीडी फेकायची नसते. चौथी गेली ती गेलीच.

या सावधपणाचं फळ दुसऱ्याच आठवड्यात मिळालं. मामांच्या कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं की फोटोंचे क्रमांक पुन्हा 0001 पासून सुरू होत. 2012 मध्ये त्यांनी नवे फोटो जुन्याच फोल्डरमध्ये टाकले, "या नावाची फाइल आहे, बदलायची का?" असं विंडोजने विचारलं आणि मामांनी सगळ्यांना होय म्हटलं. औदुंबरच्या सहलीचे 90 फोटो नरसोबाच्या वाडीच्या फोटोंखाली गाडले गेले. डेस्कटॉपवर ते कुठेच नव्हते. एका सीडीवर, ‘इतर’ या नावाखाली, सापडले.

मुहूर्तावरून घड्याळ लावणं

डुप्लिकेट काढण्याआधी मी तारखा बघायला घेतल्या. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद ठेवतो: कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, शटरचा वेग किती. फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे नेली की विंडोजमधली ‘डेट क्रिएटेड’ बदलते, पण पोटातली ‘डेट टेकन’ तशीच राहते. म्हणून लावताना नेहमी ‘डेट टेकन’ धरायची.

अडचण अशी की पोटातली तारीखही खोटी असू शकते. ताईच्या लग्नात, मे 2009 मध्ये, घरचे दोन कॅमेरे होते. मामांचा बरोबर चालत होता. दुसरा, काकांचा, सेल बराच वेळ काढून ठेवले की घड्याळ विसरायचा आणि 1 जानेवारी 2006 पासून मोजायला लागायचा. त्यामुळे लग्नाचे 340 फोटो ‘3 जानेवारी 2006, पहाटे’ म्हणून पडले होते आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लग्न दोन तुकड्यांत, जवळजवळ साडेतीन वर्षांच्या अंतराने दिसत होतं.

दोन्ही कॅमेऱ्यांत नेमका एकच क्षण शोधायचा होता. लग्नात असा क्षण असतोच. अंतरपाट खाली येतो, अक्षता हवेत असतात, त्या एका सेकंदाला मांडवातला प्रत्येक कॅमेरा दाबला जातो. मामांच्या फोटोत वेळ होती 17 मे 2009, दुपारी 12 वाजून 33 मिनिटं. काकांच्या फोटोत त्याच अक्षता, भटजींचा तोच उचललेला हात, आणि वेळ 3 जानेवारी 2006, पहाटे 4 वाजून 52 मिनिटं. फरक 1230 दिवस, 7 तास, 41 मिनिटं. पत्रिकेवरचा मुहूर्त 12 वाजून 31 मिनिटांचा होता, म्हणजे मामांचं घड्याळही विश्वासाचं निघालं.

फरक वर्षं-महिन्यांत न धरता दिवसांत धरावा, नाहीतर 28 आणि 31 च्या महिन्यांत गोंधळ होतो. एक्झिफटूल हे फुकट साधन अख्ख्या फोल्डरच्या वेळा एका ओळीच्या टाइप केलेल्या आज्ञेने पुढे सरकवतं. ओळ लिहायची भीती वाटत असेल तर डिजिकॅम या फोटो लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टाइम अ‍ॅडजस्ट’ आहे, तिथे हेच दिवस आणि तास भरायचे. केल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकमेकांत विणले गेले. काकांनी मुंडावळ्या बांधताना काढलेला, लगेच मामांनी बोहल्याकडे जाताना काढलेला, मग पुन्हा काकांचा. मामी मागे उभी राहून बघत होती. "हे असं सलग मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाली.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंना हा उपाय लागू नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं, बहुधा लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास आणतं, आणि पोटातली तारीख काढून टाकतं. फाइलच्या नावात जी तारीख असते ती फोटो मिळाल्याची, काढल्याची नव्हे. ताईच्या बारशाचे फोटो कोणीतरी 2018 मध्ये फॉरवर्ड केले म्हणून बारसं 2018 चं होत नाही. अशा फोटोंना मी अंदाजाची तारीख घातली आणि सोबत ‘अंदाजे’ असा टॅग जोडला. हा टॅग फार महत्त्वाचा आहे. नाहीतर पाच वर्षांनी माझाच अंदाज मला खरा वाटायला लागेल.

माझी चूक

डुप्लिकेटचे दोन प्रकार असतात आणि मी पहिल्या दिवशी ते एकत्र केले. बाइट न बाइट सारख्या फाइली ओळखणं सोपं. ड्यूपगुरू या डुप्लिकेट शोधणाऱ्या साधनाने तासाभरात 15 हजारांच्या आसपास दाखवल्या, त्या डोळे मिटून काढता येतात. दुसरा प्रकार ‘दिसायला सारखे’. तिथे मी सैल जुळणी ठेवून आपोआप निवड करू दिली. त्यात आजीच्या ओटी भरण्याचे एकापाठोपाठ काढलेले 140 फोटो एका गटात आले आणि एकच उरला. त्या उरलेल्यात आजीचे डोळे मिटलेले होते. कपाटातल्या ‘मूळ’ डिस्कमुळे बाकीचे परत आले, पण त्यानंतर मी या प्रकारात एकही फाइल न बघता काढली नाही. नियम एवढाच ठेवला: एकाच फोटोच्या दोन प्रती असतील तर पिक्सेल जास्त असलेली ठेवायची आणि व्हॉट्सअ‍ॅपची सोडायची; वेगळ्या क्षणाचे फोटो असतील तर माणसाने बघून ठरवायचं.

शुभ सकाळचे गुलाब, विजेची बिलं, गॅसच्या पावत्या मिळून 5 हजार गेले. धूसर म्हणून मामांनी बाजूला काढलेल्यांपैकी बरेच मी परत ठेवले. त्यांतल्या एकात आजी पूर्ण हललेली आहे, पण मागे जुन्या स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा, फळीवरचे पितळी डबे आणि मोरी दिसते. ते स्वयंपाकघर 2010 मध्ये पाडलं. त्याचा दुसरा फोटो नाही.

पिकासातली नावं

मामा बरीच वर्षं पिकासा हे गूगलचं फोटो लावण्याचं सॉफ्टवेअर वापरत होते आणि चेहऱ्यांना नावं देण्यात त्यांनी कित्येक दुपारी घातल्या होत्या. गूगलने मार्च 2016 मध्ये पिकासा बंद केलं. बसवलेलं सॉफ्टवेअर चालत राहतं, पण ती नावं फोटोच्या आत नसून पिकासाच्या वहीत असतात. कंप्युटर बदलला की मेहनत गेली. सुदैवाने मामांचा जुना डेस्कटॉप अजून सुरू होत होता. पिकासाच्या 3.9 आवृत्तीत टूल्सखाली ‘एक्सपेरिमेंटल’ आहे, तिथे चेहरे एक्सएमपीमध्ये, म्हणजे फोटोच्या आतल्या नोंदीत, लिहिण्याचा पर्याय मिळतो. तो चालवला की नाव आणि चेहऱ्याची चौकट फाइलीच्याच पोटात जाते आणि डिजिकॅम ती वाचतो. ज्यांच्या घरी अजून पिकासा आहे त्यांनी हे काम याच महिन्यात करावं असं मी कळकळीने सांगते. जुना कंप्युटर कधी बसेल याचा नेम नाही.

डिजिकॅम पहिल्यांदा सुरू करताना विचारतो, माहिती फक्त आपल्या डेटाबेसमध्ये ठेवू की फाइलींमध्येही लिहू. फाइलींमध्ये लिही असंच सांगावं. सॉफ्टवेअर येतात आणि जातात. तारीख आणि नाव फोटोच्या आत असलं पाहिजे.

पिकासा बंद होण्यापूर्वी मामांनी त्यात फोटो कापलेही होते. पिकासात ‘सेव्ह’ केलं की मूळ फोटो त्याच फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जातो. विंडोजमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवा असं सांगेपर्यंत तो दिसत नाही, आणि आतल्या फाइली निवडून कॉपी केल्या तर तो मागेच राहतो. मी अख्खी फोल्डरं उचलली होती म्हणून ते सोबत आले होते. उघडून बघत गेले. आजीचा जो फोटो घरात सगळ्यांना माहीत होता, ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रावरचा, फक्त चेहरा आणि खांदा, त्याचं मूळ तिथे होतं. हरिपूरच्या संगमावर कृष्णा-वारणेकडे पाठ करून आजी कट्ट्यावर बसली आहे आणि शेजारी आजोबा, एक हात तिच्या मागे कट्ट्यावर टेकवून. 2011 मध्ये ओळखपत्रासाठी घाईने कापताना आजोबा चौकटीबाहेर गेले, आणि पुढच्या वर्षी ते वारले. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा मी कापला होता?"

नावांचा एक घोळ मात्र आपल्याकडचाच आहे. मामांनी नावं दिली होती ‘आई’, ‘वहिनी’, ‘छोटी’, ‘काका’. त्यांची आई माझी आजी. त्यांची वहिनी माझी मोठी मामी. ‘छोटी’ आता दोन मुलांची आई आहे. पुण्याच्या भावाच्या फोल्डरमध्ये ‘काका’ म्हणजे भलताच माणूस. नातं बघणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणून टॅगमध्ये पूर्ण नाव घालायचं आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं व सासरचं दोन्ही. आजीच्या लग्नाआधीच्या एकमेव फोटोवर सासरचं नाव एकटं लिहिलं तर तिच्या माहेरच्या कोणाला तो शोधून सापडणार नाही.

ओळख पटवण्याचं काम आजीने केलं. सकाळी देवपूजा झाली की ती कंप्युटरसमोर बसायची, मी फोटो मोठा करायची. चेहऱ्यांपेक्षा तिला लुगडी आठवतात हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. भिजलेल्या अल्बममधून वाचलेला एक फोटो, मागे तारीख नाही, सगळे बसलेत जेवायला. तिने बोट पदरावर ठेवलं. "हे इरकल. धाकट्याच्या मुंजीला घेतलं होतं, टोपपदराचं. म्हणजे मुंजीनंतरचं. आणि हातात पाटल्या आहेत, त्या पुढच्या उन्हाळ्यात मोडल्या घराच्या स्लॅबसाठी." मुंजीची तारीख पत्रिकेवर, स्लॅबची मामांच्या वहीत. फोटो बारा महिन्यांच्या आत बसला. अशा रीतीने जवळजवळ चाळीस फोटोंना वर्षं मिळाली.

फोल्डरांची रचना साधी ठेवली: वर्षाचं फोल्डर, त्यात ‘2009-05-17 ताईचं लग्न’ असं. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. नाव मराठीत चालतं, फक्त काही टीव्ही पेनड्राइव्हवरची देवनागरी नावं चौकोन दाखवतात; तारीख पुढे असल्याने तेव्हाही काम भागतं.

रंग, टोपी आणि नीळ

वाचलेले कागदी फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केले. चार बाय सहाचा फोटो त्यात 2400 बाय 3600 पिक्सेलचा होतो, ए4 छापायला तो पुरतो. स्कॅन टिफ या फाइल प्रकारात ठेवला आणि काम त्याच्या प्रतीवर केलं, कारण फोटोंचा नेहमीचा प्रकार जेपेग प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह करताना थोडं थोडं गमावतं.

ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले होते. ‘ऑटो’ बटण दाबलं की चेहरे बरे दिसायचे, पण आजीचं कुंकू तपकिरी व्हायचं. ते मला चालण्यासारखं नव्हतं. म्हणून जिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स उघडून पांढरा-करडा बिंदू हाताने दाखवायचा ठरवलं आणि सरळ आजोबांच्या टोपीवर टिचकी मारली. फोटो पिवळा पडला. दुसरा घेतला, तोही पिवळा. मामीला बोलावलं तर ती लगेच म्हणाली, "टोपीला नीळ असायची ना." खरंच. आपल्याकडचे पांढरे कपडे निळीतले, चुन्याच्या भिंतीतही नीळ कालवलेली. त्यांना शुद्ध पांढरं मानलं की कंप्युटर तेवढा निळा काढून घेतो आणि पिवळं उरतं. मग मी सिमेंटचा कट्टा, नाहीतर रस्त्याकडेचा दगड शोधायला लागले. करडा खरा करडा मिळाला की कुंकू आपोआप कुंकवाच्या रंगावर येतं.

सुरकुत्या पुसल्या नाहीत. पुराच्या पाण्याचे डाग चेहऱ्यावर होते तेवढेच काढले, कडेचे राहू दिले. हरिपूरच्या फोटोला फक्त थोडा उजेड दिला.

डिस्क पुण्याला

शेवटी साधारण 15 हजार फोटो राहिले. तीन प्रती केल्या: एक डेस्कटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर सांगलीत, एक पुण्याला भावाकडे. ज्या घरात पाणी कमरेपर्यंत आलं आहे त्या घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मामांना समजावून सांगावं लागलं नाही. ऑनलाइनही ठेवता आलं असतं, पण गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद झाली आणि 15 जीबीत हे मावत नाही. दर दिवाळीला डिस्क सांगलीला येते, नवे फोटो भरून परत जाते, आणि प्रत्येक वेळी आम्ही कुठलेही वीस फोटो उघडून बघतो.

अल्बम वेळेत छापून झाला. पहिल्या पानावर कट्ट्यावरचे दोघं.

‘कोण?’ नावाचं एक फोल्डर मात्र अजून आहे. त्यात सुरुवातीला 312 फोटो होते. दर रविवारी मी पुण्याहून व्हिडिओ कॉल लावते, स्क्रीन आजीला दाखवते आणि ती चष्मा पुसून बसते. गेल्या रविवारी चार सुटले. पाचव्यात विहिरीच्या काठावर एक परकर-पोलक्यातली मुलगी उभी आहे. आजी म्हणाली, "थांब, हिला पुढच्या वेळी परत दाखव. पोलकं ओळखीचं आहे."